दीर्घायुष्याचें मोल

आमच्याकडे वडील माणसांच्या पायां पडलें कीं ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद मिळतो. तो देतांना किंवा घेतांना, त्या शंभर वर्षांचें मोल कोणी द्यावयाचें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आयुष्य वाढविणें माणसाच्या हातीं नव्हतें तोंवर तो विचारण्याचें कारणही नव्हतें. आतां तें उत्पन्न झालें आहे, आणि तें एका यःकश्चित् कृमीमुळें.

कुजक्या पालापाचोळ्यांत राहणारा हा गोलकृमि जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ हें त्याचें शास्त्रीय नांवच त्याच्या देहाहून मोठें! त्याचें आयुष्य दोन-तीन आठवड्यांचें. १९९३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें सिंथिया केन्यन व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखवून दिलें कीं, ‘डॅफ-२’ या एकाच जनुकांत बदल झाला तर हा कृमि दुपटीहून अधिक जगतो. या जनुकापासून बनणारें प्रथिन, आपल्या शरीरांत इन्शुलिनचा निरोप पेशीला पोंचविणाऱ्या प्रथिनाच्या कुळांतलें आहे, हें १९९७ सालीं कळलें. त्याचें काम मंदावलें कीं ‘डॅफ-१६’ नांवाचें दुसरें प्रथिन पेशीच्या केंद्रकांत शिरतें व संरक्षणाचें आणि डागडुजीचें काम करणाऱ्या अनेक जनुकांस जागें करतें. वय वाढूं लागलें म्हणजे पेशींतील कित्येक प्रथिनें आपली घडी सोडून एकमेकांस चिकटतात व त्यांच्या गुठळ्या होतात. ‘डॅफ-२’ बदललेल्या कृमींत हा बिघाड लांबणीवर पडतो. तात्पर्य, वार्धक्य ही केवळ अटळ झीज नव्हे. तिचा वेग बदलतां येतो.

आमची पन्नाशी उलटून गेली आहे; तेव्हां हें वाचून आम्हांस आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु शास्त्राचें पुस्तक अर्ध्यावर मिटणें बरें नव्हे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ‘एज-१’ नांवाचें दुसरें जनुक बदललेले दीर्घजीवी कृमि व साधे कृमि एकत्र वाढविण्यांत आले. अन्न मुबलक होतें तोंवर दोघे बरोबरीनें नांदले. मधूनमधून उपासमार होऊं लागतांच दीर्घजीवींचा वंश मागें पडला. वाढीव आयुष्याचा बराच भाग दुर्बल अवस्थेंत जातो, असें २०१५ सालच्या एका अभ्यासांत दिसलें. त्याच सालीं दुसऱ्या संशोधकांनीं उलट पुरावाही पुढें केला. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. घेणें आहे तेथें देणेंही असूं शकतें, एवढा बोध आम्हांस पुरेसा आहे.

कृमीचें देणें त्याच्या वंशाकडून वसूल झालें. माणसाचें कोणाकडून होतें? ययातीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापानें आलेलें वार्धक्य त्यानें पुत्रांपुढें ठेविलें. धाकट्या पूरूनें तें घेतलें, म्हणून आपण त्याची पितृभक्ति वाखाणतों. परंतु थोरल्या चौघांनीं नकार दिला तेव्हां बापानें त्यांना शाप दिले, हें आपण विसरतों. नकाराला जेथें शाप आहे, तेथें होकाराला दान म्हणावें काय?

आमच्या एका चुलतींनीं नव्वदी ओलांडली. शेवटचीं सात वर्षें त्या अंथरुणास खिळून होत्या. येणारा-जाणारा त्यांच्या आयुष्याचें कौतुक करी. त्यांचें सर्व कांहीं करणाऱ्या सुनेचे केस त्या सात वर्षांत पिकले, तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आम्हीही कौतुक करणाऱ्यांतच होतों. चुलतींनीं जगूं नये असें कोणीही म्हटलें नसतें, त्या सुनेनें तर नाहींच. पण पूरूला निदान विचारलें तरी होतें. हिला कोणी विचारलेंही नव्हतें.

म्हणून दीर्घायुष्याची इच्छा आम्ही वाईट मानीत नाहीं. ती ज्याची त्याची खासगी बाब आहे, ही समजूत मात्र चुकीची मानतों. उद्यां शास्त्रानें माणसालाही वाढीव वर्षें दिलीं, तर तीं घेण्यापूर्वीं त्यांचा भार कोण उचलणार हें विचारलें पाहिजे. आणि ज्याला विचारावयाचें त्याला ‘मला झेपणार नाहीं’ असें निर्भयपणें म्हणतां आलें पाहिजे. तो भार सर्वांनीं वांटून घेण्याची तयारी असेल, तरच ‘शतायुषी हो’ हा आशीर्वाद एकाला वर आणि दुसऱ्याला शाप ठरणार नाहीं.