बुद्धी झाली

आमच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत एकही कपबशी कोणी फोडलेली नाही. फुटल्या मात्र पुष्कळ. दूध कोणी ऊतू घालवलं नाही, ते गेलं. किल्ल्या कोणी हरवल्या नाहीत, त्या हरवल्या. दोन डझन आंबे एका दुपारी संपले, म्हणजे कोणी संपवले असं नव्हे, आंबेच आपले आपण संपले. मी स्वतः पगारातले पैसे कधी उडवले नाहीत, ते खर्च झाले. आणि ऑफिसात तीस वर्षांत एवढ्या फायली गहाळ झाल्या, पण गहाळ करणारा माणूस एकदाही सापडला नाही.

हे सगळं मला स्वतःला कधीच लक्षात आलं नसतं. ते आणून दिलं आमच्या वाड्यातल्या मास्तरांनी. महालातल्या आमच्या वाड्यात माडीवरच्या दोन खोल्यांत ते बावीस रुपये भाड्यानं राहत. मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे, धर्मानं ख्रिस्ती. ते राहायला आले तेव्हा आमच्या आईनं "आपल्या वाड्यात ते कसं चालायचं" म्हणून दोन दिवस तोंड फिरवलं होतं. नाताळात मास्तरीणबाईंनी करंज्या आणि चिवड्याचं ताट खाली पाठवलं, तेव्हा "अगो बाई, यांच्यातही करंज्याच करतात!" म्हणून ती जी विरघळली, ती शेवटपर्यंत.

तर एकदा मी अंगणात उभा राहून हिला सांगत होतो, "अगं, कपबशी फुटली." मास्तर कठड्यावर टेकून ऐकत होते. वरूनच म्हणाले, "प्रयोग ओळखा!"

मी म्हटलं, "मास्तर, आता या वयात?"

"कपबशी फुटली. कर्तरी प्रयोग. कर्ता कोण? कपबशी! म्हणजे गुन्हेगार तीच. बरं, मी कपबशी फोडली, हे खरं बोलायला जावं, तर तो पडतो कर्मणी. क्रियापद पुन्हा कपबशीच्याच मागं जातं. राव, मराठीत कबुली द्यायची म्हणजे व्याकरणाशी भांडून द्यावी लागते."

आणि हे झालं कपबशीपुरतं. जिथे नुसत्या क्रियापदामागे लपता येत नाही तिथे आपल्याला मोठा आडोसा लागतो. मग 'काय बुद्धी झाली कोण जाणे', 'अवदसा आठवली', 'डोक्यात शनी शिरला', 'अंगात कली संचारला'. यातला कली तर मला लहानपणापासून माहितीचा. नळराजाच्या मागं तो बारा वर्षं टपून होता म्हणे, शिरायला फट सापडेना. एके दिवशी राजा पाय न धुता संध्येला बसला आणि कली आत शिरला. पुढे राज्य, बायको, अंगावरचं वस्त्र सगळं गेलं. ही गोष्ट सांगून आमची आजी आम्हाला टाचा घासून धुवायला लावी. मला तेव्हाही एक प्रश्न पडायचा, की फासे टाकले ते कलीनं की नळानं? पण आजी टाचेवर घासणी फिरवत असे, आणि अशा वेळी मोठे प्रश्न विचारता येत नाहीत.

आमच्या नागपुरानं तर याची वार्षिक सोयच करून ठेवलेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि बरोबर बडगे. रोगराई, महागाई, पुढारी, ज्याला ज्याची पीडा तिच्या नावानं लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" मग गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. मीही पोरवयापासून बडकस चौकात उभा राहून ओरडत आलो. मात्र १९८४ नंतर एक गोष्ट मी दर वर्षी ओठांतल्या ओठांत ओरडायला लागलो, ती आता सांगतो.

आमच्या ऑफिसात त्या वर्षी हेडक्लार्कची एक जागा निघाली. एक जागा आणि दोघे आम्ही, मी आणि माझा मित्र. शाळेपासूनचा, पलीकडच्या गल्लीतला. दोघांची नोकरी सारखीच, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आणि साहेबाचं मत त्याच्या बाजूचं. एका रात्री जेवून मी ओट्यावर सुपारी कातरत बसलो होतो. डोक्यात काहीही नव्हतं. आणि शेजारी बसून कोणी सांगावं इतक्या स्पष्ट शब्दांत मला ऐकू आलं, 'एक इनलँड टाकून दे.'

मी टाकलं. डाव्या हातानं लिहिलं. मित्राच्या बायकोच्या नावानं विम्याची एजन्सी होती आणि काम तो स्वतः करायचा, एवढंच लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सुरुवात 'सार्वजनिक हिताच्या दृष्टीने' आणि शेवट 'आपला, एक हितचिंतक'. चौकशी आठ महिने चालली, निघालं काहीच नाही, पण तोवर जागा भरली गेली. ती मला मिळाली. मी पेढे घेऊन त्याच्याकडे गेलो तर तो मला मिठी मारून म्हणाला, "चला बाप्पा, आपल्यापैकीच कोनाला तरी भेटली!"

त्या पेढ्यांचा बॉक्स हातात धरून मी त्याच्या दारात उभा होतो, ते मला अजून दिसतं. बाकी आयुष्यात मी काही फार वाईट माणूस नाही, असं माझं मत आहे. तेव्हा मला बुद्धी झाली. कशी झाली कोण जाणे.

बरीच वर्षं गेल्यावर मी मास्तरांकडे विषय काढला. अर्थात सर्वसाधारण ज्ञान म्हणून. "मास्तर, तुमच्यात तो सैतान म्हणतात, तो खरंच कानात बोलतो का हो?"

मास्तरांना असा प्रश्न म्हणजे पर्वणी. म्हणाले, "आम्ही मानतो. संत पौलानं इफिसकरांना स्पष्टच लिहिलंय, की आपली झुंज नुसत्या रक्तामांसाच्या माणसांशी नाही, न दिसणाऱ्या सत्तांशी आहे. दुष्ट आत्मे आहेत, देवदूत आहेत, सर्वांवर पवित्र आत्मा आहे. माणसाचं मन म्हणजे काही बंद पेटी नव्हे राव, त्याला वारं लागतं."

मला हायसं वाटलं. म्हणजे वारं लागलं होतं तर!

"पण," मास्तर म्हणाले (या माणसाचा 'पण' मला कधीच आवडला नाही), "येशूला सैतानानं मंदिराच्या शिखरावर नेऊन उभं केलं, ती गोष्ट आहे मत्तयात. तिथं एक धक्का दिला असता तर काम झालं असतं. दिला नाही. 'उडी टाक' म्हणाला. त्याला तेवढंच करता येतं. आणि म्हणताना काय म्हणाला? शास्त्रातलंच वचन म्हणाला! तो काही शिंगं लावून शिव्या देत येत नाही. चांगलं बोलत येतो."

'सार्वजनिक हिताच्या दृष्टीने', मला आठवलं. मी घाईनं विषय फिरवला. म्हटलं, मग ठरवायचं आपणच असेल तर हा सैतान म्हणजे आस्थापनेवरचं एक जादा पदच झालं की! आमच्या ऑफिसात असतं तर मोडीत काढलं असतं.

त्यावर मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उपयोग आहे. दारावर फेरीवाले दहा येतात, ते काही आपल्या घरचे नसतात. डोक्यात घाण विचार आला म्हणून आपणच घाण, असं समजून माणूस खचून जातो, तो खचू नये. पण आत कोणी घेतलं, पाट कोणी मांडला, ते ज्याचं त्यानं सांगावं. आणि चांगला विचार आला तरी तेच! तोही बाहेरून आलेला. त्याचीही फुशारकी नको."

हे मात्र मला अवघड वाटलं. आपला हिशेब अगदी उलटा असतो. वाईट सुचलं की बुद्धी झाली, चांगलं सुचलं की मी केलं. देवळाच्या पायरीवर नाव कोरतो, तेव्हा त्यात 'बुद्धी झाली' असं कोणी कोरत नाही.

मास्तरांनी मग टिळकांची गोष्ट सांगितली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळक काही काळ आमच्या नागपुरातच होते. १८९३ च्या सुमारास इथून राजनांदगावला निघाले तर डब्यात एक गोरा साहेब भेटला. कवितेवर बोलला, ख्रिस्तावर बोलला, उतरताना 'नवा करार' हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून गेला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या साहेबाचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. मास्तरांच्या मते यात पवित्र आत्म्याचा हात होता. लक्ष्मीबाईंवर त्या हाताचे काय परिणाम झाले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, "मास्तर, आत्म्यानं त्या बाईंना निदान आगाऊ कळवायचं होतं." मास्तर हसले, पण कबूल म्हणाले नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. ती केडगावच्या मुक्ती मिशनमधली, पंडिता रमाबाईंची, १९०५ सालची. तिथे प्रार्थना करता करता मुलींना पवित्र आत्म्याचा अनुभव यायला लागला, अंगाचा दाह व्हायला लागला. एका पहाटे एका मुलीला शेजारची मुलगी ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत गेली आणि पाण्याची बादली घेऊन आली! ओतणार तेवढ्यात दिसलं की हिला काही लागलेलं नाही, हा जाळ वेगळाच आहे.

"तिला सगळे हसले असतील," मी म्हटलं.

"हसोत," मास्तर म्हणाले. "मला ती पोर फार मोठी वाटते. दिसलं, उठली, बादली आणली. जाळ आत्म्याचा की चुलीचा, हा विचार नंतर. तुम्ही लोक उलटं करता. आत जळत असतं आणि तुम्ही जाळ कोणाचा यावर चर्चा करत बसता."

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. पण त्या बादलीनं मला कुठेतरी शिवलं असावं, कारण मी एकदम बोलून गेलो. (पाहा, 'बोलून गेलो'.) "मास्तर, समजा, एखाद्यानं, समजा, कोणाविरुद्ध एक निनावी इनलँड टाकलं. आवाज ऐकू आला म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "कुठल्या पेटीत टाकलं?"

"अं? इतवारीतल्या."

"राहतो कुठे?"

"समजा, महालात."

"म्हणजे जवळची पेटी सोडून इतवारीपर्यंत गेला. चालत?"

"चालत."

"वीस-पंचवीस मिनिटं तरी लागली असतील," मास्तर म्हणाले. "एवढा रस्ता सैतान बोलत होता की हाच पुढं चालत होता?"

मी काही बोललो नाही. मास्तरही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी आदाम आणि हव्वेचं काढलं, उगाच काढल्यासारखं. आदामाला विचारलं तर तो म्हणाला, या बाईनं दिलं, आणि ही बाईही तुम्हीच दिलेली. बाईला विचारलं तर म्हणाली, सापानं भुलवलं. "देवानं दोघांना विचारलं, पण सापाला काहीच विचारलं नाही. कारणं दाखवा नोटीस न देताच शिक्षा! का? तर सापाकडून जबाब नकोच होता. तो या दोघांकडूनच हवा होता. दोघांनीही दिला नाही."

मास्तर २००६ च्या पावसाळ्यात गेले. माडीवरच्या खोल्यांना कुलूप लागलं. कठड्यावरून प्रयोग विचारणारं कोणी राहिलं नाही, त्यामुळे आमच्याकडे कपबश्या निर्धास्त फुटायला लागल्या.

पुढच्या वर्षी मारबतीच्या दिवशी मी आणि मित्र बडकस चौकात उभे होतो. दोघेही रिटायर्ड. रोज सकाळी शुक्रवारी तलावाला फेरी, मग तर्री-पोहे, आणि पैसे बहुतेक त्यानंच द्यायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. मिरवणूक आली. गर्दी, ताशे, गुलाल. मित्र गुडघे दाबत ओरडला, "संधिवात घेऊन जा गे मारबत!" आणि मला म्हणाला, "ओरड ना बे, काय पाहून राहिला?"

मी म्हटलं, "चौऱ्याऐंशीचा तो अर्ज मी केला होता."

"काय?"

ताशांत त्याला ऐकू गेलं नव्हतं. आयुष्यात एकदा कबुली द्यायची तीही एका दमात होऊ नये! मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन, जवळजवळ ओरडूनच, पुन्हा सांगितलं. शेजारच्या दोन पोरांनी मागं वळून पाहिलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मारबत पुढे निघून गेली. लोकांनी ढकललं तसे आम्ही भिंतीला लागलो. मग तो म्हणाला, "पेढे आणले होते तू," आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

तीन दिवस तो तलावावर आला नाही. चौथ्या दिवशी आला, पण मी डावीकडून चालायला लागलो तसा तो उजवीकडून निघाला. तेव्हापासून तसंच. आता माणूस टाळायचा म्हणून तलावाला उलटी फेरी घालायला लागलं की एका फेरीत दोनदा समोरासमोर यावं लागतं, हे त्याच्याही लक्षात आलं असणार. गणित त्याचं माझ्यापेक्षा पक्कं. तरी त्यानं दिशा बदलली नाही, आणि यायचंही थांबवलं नाही. समोर आला की तलावाकडे बघायचा. पोहे मी एकट्यानं खायचो. तर्री तिखट लागायची.

दसऱ्याच्या सकाळी तो असाच समोरून आला. खिशात हात घातला, आपट्याचं एक पान माझ्या हातावर ठेवलं. सोनं घे म्हणाला नाही, थांबलाही नाही. मी वळून पाहिलं तर चालत होता, त्याच्याच दिशेनं.