प्रवासाचें मावंदें

काशीयात्रा करून परतलेल्या मनुष्यानें घरीं मावंदें घालावें, असा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. गंगेची पूजा व्हावी, आप्तेष्टांच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पंक्ती उठाव्यात, आणि ज्यांना काशी घडली नाहीं त्यांच्या हातावर गंगेच्या गडूंतलें पळीभर पाणी पडावें, तेव्हां कोठें यात्रा सांग झाली असें समजत. तरुणपणीं या चालीकडे आम्ही जेवणावळीचें एक निमित्त म्हणूनच पाहत असूं. आतां उतारवयांत तिच्या पोटीं एक नैतिक तत्त्व आहे असें आम्हांस वाटूं लागलें आहे. जो पाहून येतो तो न गेलेल्यांचा ऋणी असतो, हें तें तत्त्व. हें ऋण कशानें फिटतें, हा या लेखाचा विषय आहे. तो आम्हांस ग्रंथवाचनानें सुचला नसून स्वतःच्या एका चुकीनें सुचला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

गतवर्षीं आम्ही उभयतां पाथरीहून लंडनला जाऊन आलों. आमचा मुलगा तेथें नोकरीस असतो. सून व सहा वर्षांची नात त्याच्याजवळ आहेत. तीन आठवड्यांचा मुक्काम होता. त्यांपैकीं पांच दिवस मुलानें रजा काढली होती, आणि कोणत्या दिवशीं काय पाहावयाचें याचा कागद आमच्या जाण्यापूर्वींच तयार होता. श्रावणानें आईबापांना कावडींत बसवून तीर्थें घडविलीं. आमच्या मुलानें भुयारी रेल्वेंत बसवून घडविलीं, एवढाच काय तो फरक.

विल्यम राजानें अकराव्या शतकांत बांधावयास घेतलेला टेम्सकांठचा पांढरा बुरूज आम्हीं पाहिला. तेथील जवाहीरखान्यांत राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटांत बसविलेला कोहिनूर पाहिला. प्रेक्षकांनीं खोळंबून गर्दी करूं नये म्हणून तेथें पायाखालची वाटच सरकती केलेली आहे; त्यामुळें ज्या हिऱ्यासाठीं एवढी झुंबड उडाली त्याच्यासमोर आमच्या वांट्यास कांहीं क्षणच आले. जहाज येतांच दोन्ही पाखें उचलून त्यास वाट देणारा 1894 सालचा पूल, 135 मीटर उंचीचें तें विख्यात चक्र, कृष्णाकांठच्या अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट जेथें मांडलेले आहेत तें ब्रिटिश म्युझियम, हें सर्व यथासांग झालें. किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरीं मात्र आम्ही अधिक वेळ रेंगाळलों. 1921-22 सालीं डॉ. आंबेडकर तेथें राहत होते, आणि 2015 सालीं महाराष्ट्र सरकारनें तें घर स्मारकासाठीं विकत घेतलें. लंडनच्या विद्यार्थिदशेंत त्यांनीं पोटाला चिमटा घेऊन अभ्यास केला, हें आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. स्मारकांत ग्रंथ ठेवतां येतात, छायाचित्रें लावतां येतात. उपाशी पोट मात्र कोणत्याही कपाटांत मांडून ठेवतां येत नाहीं, असा एक विचार त्या वेळीं मनास चाटून गेला. सरकत्या वाटेवरील कोहिनुराप्रमाणें तोही क्षणांत मागें पडला.

त्याच रात्रीं तो परत आला. दोनच्या सुमारास तहान लागून आम्ही उठलों, तों स्वयंपाकघरांत दिवा जळत होता आणि मुलगा संगणकासमोर बसला होता. दिवसां आम्हांस नगर दाखवावयाचें व रजेमुळें तुंबलेलें काम रात्रीं उपसावयाचें, असा त्याचा क्रम चालला होता. आम्ही शेजारीं बसलों. बोलतां बोलतां घरभाडें निघालें, मुलीला सांभाळावयास ठेवण्याचा खर्च निघाला, शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचे अद्याप न सरलेले हप्ते निघाले. सुनेची कामाची पाळी निराळी असल्यामुळें नवराबायकोस समोरासमोर बसून जेवण्याचा योग आठवड्यांतून एकदां येतो, हेंही निघालें. आमच्यासाठीं निजण्याची खोली मोकळी करून तीं तिघें बैठकींत अंथरूण घालीत होतीं, तें तर डोळ्यांसमोरच होतें. शेवटीं तो म्हणाला, "बाबा, गांवीं हें कोणाला सांगूं नका." आम्हीं मान हलविली.

पाथरीस परतल्यावर मावंदें घातलें नाहीं. पण शेजारी मंडळी चहाफराळास जमलीं आणि आमच्या मोबाइलमधील छायाचित्रें हातोहात फिरलीं. छायाचित्रांत सगळीं हंसत होतीं. मंडळी पांगल्यावर एक शेजारी मागें राहिले. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर त्यांची सहा एकर जमीन आहे. त्यांचा पदवीधर मुलगा इंग्लंडांत एक वर्षाचा उच्च अभ्यासक्रम करावयास निघाला होता. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही डोळ्यांनीं पाहून आलांत. दोन एकर विकून पोराला धाडूं का?"

परदेशी विद्यार्थ्यास तद्देशीयांहून कितीतरी अधिक शुल्क पडतें, परवान्यासाठीं शुल्काखेरीज नऊ महिन्यांच्या निर्वाहाइतकी रक्कम खात्यांत दाखवावी लागते, आणि अभ्यासाच्या सत्रांत आठवड्यास 20 तासांहून अधिक काम करण्याची मुभा नसते, हें सर्व आम्हांस त्या रात्रीं कळलें होतें. आम्ही एवढेंच म्हणालों, "शहर मोठें थोर आहे. शिकणाराला तेथें फार वाव आहे." महिन्याभरांत खरेदीखत झालें व मुलगा गेला.

या वर्तनाच्या समर्थनार्थ आम्हीं आपल्या मनाशीं तीन सबबी उभ्या केल्या. त्या येथें मांडतों, कारण परदेशीं जाऊन आलेल्या अनेक आईबापांच्या मनांत त्याच असतील.

पहिली सबब अशी कीं, आम्हीं खोटें कांहींच सांगितलें नाहीं. शहर थोर आहे हें खरें. शिकणाराला वाव आहे हेंही खरें. परंतु शेजाऱ्याचा प्रश्न शहराच्या थोरवीविषयीं नव्हता, दोन एकरांविषयीं होता. विचारलेल्या प्रश्नास बगल देऊन न विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर देणें, हा सत्याचा आश्रय घेऊन केलेला असत्याचाच व्यवहार होय. खोटें बोलणारा निदान मनांत ओशाळा असतो. अर्धें खरें बोलणाऱ्यास तेवढीही शिक्षा होत नाहीं.

दुसरी सबब अधिक वजनदार आहे. तें दैन्य आमचें नव्हतें, मुलाचें होतें. आणि त्यानें तें झांकून ठेवावयास सांगितलें होतें. दुसऱ्याच्या घरांतील गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार बापासही नाहीं, हें आम्ही मानतों. पण मग वचन देतांनाच विचार करावयास हवा होता कीं, हें मौन उद्यां कोणाच्या जिवावर पाळावें लागेल? शिवाय, मुलाचें नांव न घेतां शुल्काचे, निर्वाहाच्या रकमेचे व कामाच्या तासांचे आंकडे सांगण्यास कोणती आडकाठी होती? खरें विचाराल तर आम्ही मुलाची अब्रू राखीत नव्हतों, स्वतःची राखीत होतों. "लंडनला जाऊन आलेले गुरुजी" या बिरुदाला त्या रात्रीच्या दिव्यानें काळिमा लागेल, असें आम्हांस वाटलें होतें.

तिसरी सबब अशी कीं, शेजाऱ्याच्या मुलाचें कदाचित् भलेंच होईल. व्हावेंच, अशी आमचीही प्रार्थना आहे. परंतु नदीचा उतार ठाऊक असतां वाटसरूला तो न सांगणाऱ्याचा दोष, वाटसरू सुखरूप पलीकडे पोंचला म्हणून नाहींसा होत नाहीं. फळ गोड निघालें तर तें त्या मुलाच्या कष्टांचें पुण्य असेल. आमच्या खातीं तें जमा होणार नाहीं.

येथें वरसईच्या विष्णुभट गोडशांचें स्मरण होतें. 1857 सालीं ते द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले आणि त्या वर्षाच्या धामधुमींत सांपडले. मिळविलेलें बहुतेक द्रव्य लुटलें गेलें. घरीं आले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्यानें त्यांनीं आईबापांना स्नान घातलें. पुढें त्यांनीं आपला वृत्तांत लिहून काढला. तो 'माझा प्रवास' या नांवानें 1907 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत झांशीचें वैभव आहे, तशीच झांशीची लूट व कत्तलही आहे. स्वतःची भीति, भूक व फजितीही आहे. द्रव्य आणावयास गेलेला मनुष्य रिकाम्या हातानें आला, हें सांगण्यास ते लाजले नाहींत. गंगा आईबापांच्या मस्तकावर आणि सत्य वाचकांच्या ओंजळींत, असें त्यांचें मावंदें दुहेरी झालें.

आम्हां पाथरीकरांना तर हा धडा परक्याकडून घेण्याचें कारण नव्हतें. श्रीसाईबाबांचा जन्म पाथरींत झाला अशी येथील अनेकांची श्रद्धा आहे, आणि त्या स्थानीं मंदिर आहे. जानेवारी 2020 मध्यें राज्य सरकारनें पाथरीच्या विकासासाठीं 100 कोटी रुपये जाहीर केले, तेव्हां जन्मस्थानाचा हा दावा अमान्य असलेल्या शिर्डीकरांनीं 19 तारखेस बंद पाळला. त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं, दर्शनास येणारीं माणसें घटकाभर थांबतात, छायाचित्रें काढतात आणि "पाथरी पाहिली" असें म्हणत गाडींत बसतात. आमच्या गल्ल्यांतील धूळ, उन्हाळ्यांतील पाण्याची ओढ, रोजगारासाठीं बाहेर गेलेलीं मुलें, यांतील कांहींच त्यांनीं पाहिलेलें नसतें. त्यांच्या या "पाहण्याला" आम्ही नेहमीं हंसत आलों. लंडनमध्यें आम्हांस तर स्वयंपाकघरांतील दिवाही दिसला होता, आणि तरीही सांगतेवेळीं आम्ही त्या गाडींतल्या मंडळींहून निराळे ठरलों नाहीं.

गांव सोडून जाणेंही पाथरीला नवें नाहीं. अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळपुरुषाचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, असें फिरिश्ता या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. त्या घराण्यांतील बुऱ्हाण निजामशहानें वाडवडिलांचा गांव म्हणून पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली, आणि ती मिळेना तेव्हां 1518 सालीं फौजेनिशीं येऊन घेतली. गेलेल्यांच्या मनांत गांव कसा राहतो, हें यावरून दिसतें. पण गेलेल्यांवर बाहेर काय गुजरलें तें मागें राहिलेल्यांना कितपत कळलें असेल? ओढ दोन्हीं अंगांस असते. वार्ता मात्र बहुधा एकाही अंगास नीट पोंचत नाहीं.

हिंवाळ्यांत एके दिवशीं त्या शेजाऱ्यांच्या घरच्या बाई आमच्याकडे आल्या. "तिकडे थंडी फार असते का हो?" एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें. मुलगा रोज फोन करतो, पण "बरं चाललें आहे" यापलीकडे कांहीं बोलत नाहीं, असें त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर आमच्या गृहिणी बराच वेळ दारांत उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, त्यांना आपण अर्धेंच मावंदें वाढलें."

त्याच रात्रीं आम्हीं मुलाला फोन केला व दिलेल्या वचनांतून मोकळें करण्याची विनंति केली. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगा, बाबा. पण मी इथें दुःखांत आहें असें मात्र सांगूं नका. तेंही खरें नाहीं." आम्ही दुसरें अर्धसत्य सांगावयास निघालों होतों, त्यांतून त्यानें आम्हांस वांचविलें. त्या दिव्याखालीं बसणाऱ्या मुलानेंच नातीला हातीं धरून पुलाचीं पाखें उचलतांना कौतुकानें दाखविलीं होतीं; दोन्ही गोष्टी एकाच घरांतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही उभयतां शेजाऱ्यांच्या घरीं गेलों व कांहीं न लपवितां सर्व सांगितलें. आतां ते रागावतील, दोन एकरांचा हिशेब मागतील, अशी आमच्या मनाची तयारी होती. ते शांतपणें ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "गुरुजी, हें तुम्ही आधीं सांगितलें असतें, तरी मी पोराला धाडलाच असता. त्याच्या मनानें घेतलें होतें. पण तो फोनवर 'बरं आहे' म्हणतो, तेव्हां पुढें काय विचारावें तें मला कळलें असतें."

आमची समजूत होती कीं, पाहून आलेल्यानें खरें सांगावें तें ऐकणाऱ्याचा निर्णय बदलावा म्हणून. शेजाऱ्यानें ती दुरुस्त केली. जाणारा जाईल, त्यास अडविण्याचा अधिकार प्रवाशास नाहीं. परंतु मागें राहणाऱ्यास आपल्या माणसाशीं काय बोलावें हें कळावें, इतकें तरी प्रवाशानें घेऊन आलेंच पाहिजे. काशीच्या गडूंतलें पाणी पळीभरच असे, पण तें गंगेचें असे.

आम्ही उठण्यापूर्वीं शेजाऱ्यांनीं घरांतून कागद आणविला. रात्रीं जेवतोस काय, कामाला किती तास जातोस, खोलींत किती जण आहांत, असे प्रश्न आमच्याकडून विचारून घेऊन त्यांनीं तो लिहून काढला आणि फोनच्या जागीं भिंतीला लावून ठेवला.