मुक्या जिवाची अमानत

बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर अंगणातली कोंबडी घरचाच जीव असते. एके दिवशी ती पिसे फुलवून कोपऱ्यात बसते, दाणा टिपत नाही. 'आजारी दिसते, आजच बाजारात विकून टाकू' असे मनात येते. इमानाची कसोटी येथेच लागते.

प्रथम निरखून पाहा. अंड्यांवरून उठत नाही, हात नेताच अंगावर येते, ती बहुधा खुडूक असते, आजारी नव्हे. मात्र हिरवट हगवण लागली, मान मुरडली, तर मानमोडीची शंका घ्यावी. या रोगावर औषध नाही; वेळीच दिलेली लस हीच राखण. अशा कोंबडीला वेगळे ठेवा, पाणी द्या, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. दोष झाकून माल विकणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानले नाही.

कुरआनने (सूरह अल-अनआम, आयत ३८) पक्ष्यांनाही तुमच्यासारखेच समुदाय म्हटले आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्यास क्षमा लाभली. खुराड्याची कडी तुमच्या हाती आहे. त्या जिवाचा हिशेबही तुमच्याकडेच मागितला जाईल.