मागे उभे राहण्याची सेवा

संतसज्जनहो, गुरुशिष्यांचा विषय निघाला म्हणजे आपण बहुधा शिष्याचीच कर्तव्ये सांगत बसतो. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन साधने गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी सांगितलीच आहेत. ते यथार्थच आहे. पण आज आम्ही दुसरी बाजू मांडणार आहोत. ज्याचे केस फडात उभे राहून पांढरे झाले, ज्याला चार गावे 'महाराज' म्हणतात, त्याने नव्या माणसाशी कसे वागावे?

उपनिषदांच्या पाठाआधी गुरुशिष्य मिळून शांतिमंत्र म्हणतात. त्यात रक्षण मागितले ते दोघांचे, तेज मागितले तेही दोघांच्या अध्ययनाला. आणि शेवटची मागणी कोणती, तर परस्परांत द्वेष उपजू नये ही! अहो, पाठाच्या आरंभीच ही द्वेषाची भाषा कशाला? कारण ऋषी मनुष्याचे मन ओळखून होते. शिष्य लहान आहे तोवर प्रेम सोपे असते. तो मोठा झाला, लोक त्याचे नाव घेऊ लागले, की थोरामोठ्यांच्या अंतःकरणातही काटा टोचतो. जगात सर्वत्र जय इच्छावा, पण पुत्राकडून आणि शिष्याकडून आपला पराजय इच्छावा, असे जुने जाणते सांगत आले ते याचसाठी.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत घरी परतणाऱ्या शिष्याला आचार्य सांगतात की आमचे जे चांगले आचरण तेवढेच उचल, बाकीचे सोड. केवढा हा मोठेपणा, बरे का! स्वतःत उणे असू शकते हे शिष्यासमोर मान्य करणारा गुरू शिष्याला आपला गुलाम करीत नाही.

आपल्या संप्रदायात याचा आदर्श निवृत्तिनाथ. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी झाली. बोलले माउली, ऐकत बसले निवृत्तिनाथ. वडील बंधू आणि सद्गुरू असूनही त्यांनी व्यासपीठ धाकट्याला दिले. आणि ग्रंथ पुरा झाल्यावर परंपरा सांगते की ते म्हणाले, ही गीतेवरची टीका झाली, आता स्वतःचा अनुभव सांग. त्यातून अमृतानुभव प्रगट झाला. पाहा, थोडक्यावर समाधान मानू दिले नाही, आणि स्वतःची छाया शिष्यावर पडू दिली नाही. गुरूचे काम ते हेच.

मग काय, नुसते कौतुकच करावे? नाही. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली, तेव्हा नामदेवराय कच्चे ठरले. साक्षात पांडुरंगाशी बोलणारा भक्त, पण तोंडदेखले कोणी 'पक्के' म्हटले नाही. मात्र कच्चे म्हणून मडके फोडूनही टाकले नाही. देवाने त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे पाठविले. तेथे भाजून निघालेले नामदेवराय पुढे चोखोबांचे गुरू झाले. खोटी स्तुती हा कच्च्या मडक्यात पाणी भरण्याचा प्रकार आहे, आणि चारचौघांतला उपहास हा मडके फोडण्याचा. भट्टीची वाट दाखविणे हे तिसरे, आणि तेच खरे.

अलीकडचे उदाहरण घ्या. वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली आणि १९२० साली देह ठेवला. अवघी तीन वर्षे! तरी संस्था मोडली नाही. बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर अशा शिष्यांनी ती पुढे चालविली. महाराजांनी इमारतीआधी माणसे उभी केली होती, म्हणून हे झाले.

आता आपल्या फडाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात आम्ही होतो. नुकतेच शिक्षण पुरे केलेला तरुण कीर्तनास उभा राहिला. दुसऱ्या चरणावर प्रमाण आठवेना. पुढे बसलेले दोन बुवा एकमेकांकडे पाहून हसले. कोणी मोबाइल उंच धरला. हल्ली एखाद्याची चूक रात्रीतून शंभर गावे फिरते. इतक्यात मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने धृपद उचलले. मृदंग्याने ओळखून ठेका भरला, सारी रांग गाऊ लागली. दोनतीन आवर्तनांत पोराला आठवले, आणि अडले होते हे श्रोत्यांतल्या निम्म्यांना कळलेही नाही. नंतर आम्ही त्या टाळकऱ्याला नमस्कार केला, तर तो म्हणाला, "महाराज, नवा बैल जुपायचा तर जुन्याच्या जोडीला जुपत्यात. येकटाच जुपला तर बिचकतो, मग जन्मभर खांदा देत न्हाई."

शास्त्र शिकलेल्या बुवांना जे उमगले नाही ते त्या शेतकऱ्याने जाणले होते. वारकरी कीर्तनात टाळकरी मागे उभे राहतात ते यासाठीच. ती जागा शोभेची नव्हे.

म्हणून थोरांना आमची विनंती आहे. सप्ताहाचे आमंत्रण आले की एक दिवस नव्याला मागून घ्या, आणि त्या दिवशी घरी न जाता टाळ घेऊन त्याच्या मागे उभे राहा. चूक झाली तर कीर्तन संपल्यावर एकांतात सांगा. गुण दिसला तर चारचौघांत सांगा. पाठांतरासोबत अर्थ द्या, कारण आता चाली यंत्रावर ऐकून पाठ होतात, पण अर्थ विचारायला माणूसच लागतो. आणि त्याची पद्धत तुमच्याहून निराळी असली तर रागावू नका. अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंतांनीही अखेरचा निर्णय अर्जुनावरच सोपविला होता.

आणि तरुणांनो, कोणी तुमच्यासाठी धृपद उचलले असेल, तर ते ऋण त्याला फेडता येत नाही. ते तुमच्या मागून येणाऱ्यालाच फेडायचे असते. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, ती जमिनीवर टेकू देत नाहीत. शिकविणे हे तसेच आहे. रामकृष्णहरी.