तीर्थाची खूण आणि यात्रेकरूचे नाव

पवित्र किंवा ऐतिहासिक स्थळी पोहोचलेल्या माणसाने आपल्या येण्याची खूण मागे ठेवावी की नाही, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटला तरी मुळात तो ‘मी’पणाचा, म्हणजे धर्मविचार ज्याला अहंकार म्हणतो त्याचा आहे. इंग्लंडात या प्रश्नाला खेळाचे रूप मिळाले. डार्टमूरच्या पठारावर, क्रॅनमिअर पूल या दलदलीच्या तळ्यापाशी १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने एक बाटली ठेवली आणि तिथवर चालत येणारे तीत आपले भेटपत्र टाकू लागले. त्यातूनच पुढे लेटरबॉक्सिंग नावाचा छंद वाढला. डोंगरवाटेवर एक डबी दडवलेली असते, तिचा माग सांकेतिक सूचनांवरून काढायचा, डबीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का, बहुधा टोपणनावासह, डबीतल्या वहीत ठेवून परतायचे, असा हा देवघेवीचा प्रकार. नर्मदा परिक्रमा करणारे मराठी यात्रेकरूही आश्रमांचे आणि ग्रामपंचायतींचे शिक्के वहीवर घेत जातात, तेव्हा चालल्याचा दाखला मागण्याची वृत्ती परकी म्हणता येत नाही.

तथापि सूचनांवरून स्थळ शोधण्याची मराठीतली सर्वांत विलक्षण परंपरा महानुभाव पंथाची आहे, आणि तिचा एक मोठा दुवा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी वेरुळास दहा महिने राहिल्याचे परंपरा सांगते. ते जिथे बसले, जेवले, निजले, हिंडले ती ठिकाणे ‘स्थाने’ मानली गेली आणि त्यांचा ठावठिकाणा सांगण्यासाठी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ सिद्ध झाली. देऊळ कोणत्या तोंडाचे, स्थान त्याच्या कोणत्या दिशेला, दाराच्या उजवीकडे की डावीकडे, अशा कोरड्या खुणांनी ती वाचणाऱ्याला जागेवर नेते. तिथे चुना दिलेला ओटा असतो आणि येणारा त्यावर माथा टेकतो.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. ज्या पंथाने भिक्षूला अटन, म्हणजे एका जागी न गुंतता सतत फिरत राहणे, हा आचार सांगितला आणि गावाचा नि माणसांचा मोह धरू नये असे बजावले, त्याच पंथाने जागांची एवढी काटेकोर नोंद का ठेवावी? उत्तर ‘असन्निधान’ या संकल्पनेत आहे. परमेश्वरावतार देहाने समोर असणे हे सन्निधान आणि तो निघून गेल्यानंतरचा विरहकाळ हे असन्निधान. या काळात साधकापाशी उरतात ती स्थान, प्रसाद (स्वामींचा स्पर्श झालेली वस्तू), भिक्षुक आणि वासनिक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, ही चार साधने. ओटा पूज्य आहे तो दगड म्हणून नव्हे. त्याच्यामुळे स्मरण घडते म्हणून. भिक्षूने जागेत गुंतायचे नाही, जागेने त्याला स्मरणात गुंतवायचे, अशी ही व्यवस्था आहे, आणि अडचण तिने पुरती मिटते असे नाही. पण यात्रेकरूच्या स्वतःच्या नावाला या व्यवस्थेत कुठेही खण ठेवलेला नाही, ही बाब लक्षणीय आहे. खूण आधीच झालेली आहे आणि ती दुसऱ्याची आहे.

याच जिल्ह्यात अजिंठ्याला नेमका उलट युक्तिवाद दगडात कोरलेला सापडतो. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने कोरविले. जगात कीर्ती टिकते तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात उभारावे, असा त्याच्या शिलालेखाचा आशय आहे. अनात्मवाद, म्हणजे ‘मी’ असा कोणी टिकाऊ पदार्थच नाही हे मत, मानणाऱ्या भिक्षूने नावाच्या चिरंतनत्वाची भलामण करावी, आणि तीही महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प ज्यात आहे त्याच लेण्याच्या दारी, ही विसंगती डोळेझाक करण्याजोगी नाही. परंतु त्याने ते लेणे अश्मक देशाच्या राजाचा अमात्य असलेल्या भव्विराज या मित्राच्या स्मरणार्थ केले आणि पुण्य मित्राला व आईवडिलांना वाहिले, हे ध्यानात घेतले म्हणजे विसंगतीची धार बरीच बोथट होते.

कॅप्टन जॉन स्मिथचे तसे नाही. शिकारीसाठी आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख ओरखडली. त्या नावामागे स्मरण कोणाचेच नाही, केवळ आपण आलो होतो एवढेच सांगणे आहे. लेण्यांवर बदामात नावे कोरणारी जोडपी त्याचीच वारसदार.

खूण कोणाच्या स्मरणासाठी, ही कसोटी खुलताबादेजवळच्या शूलिभंजनच्या सोप्या डोंगरवाटेवर लावून पाहता येते. संत एकनाथांनी (१५३३–१५९९) येथे अनुष्ठान केले आणि दत्तात्रेयाने त्यांना मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या, वेषात दर्शन दिले अशी परंपरा आहे. जवळच परियों का तालाब आहे आणि त्या बाजूला गंज-ए-रवाँ गंजबख्श या सूफी संताचा दर्गा आहे. अशा डोंगरावर कुणी लेटरबॉक्सची डबी पुरलीच, तर टोपणनावाचा शिक्का हा स्मिथच्या ओरखड्याहून कितीतरी निरुपद्रवी ठरेल, कारण त्यात नाव अर्धे तरी झाकलेले असते आणि दगडाला इजा नसते. तरीही तो स्थानवंदनाच्या पंक्तीला बसत नाही, कारण त्यात येणाऱ्याला साक्षीदार हवा असतो. वहीत शिक्का घ्यावा, स्थळी ठेवू नये, एवढीच तडजोड येथे योग्य दिसते. दगडापुरता निवाडा तर कायद्यानेच केलेला आहे: १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित वास्तू विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.