हिशेब मागणारा माणूस

१६०२ च्या ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅम शहरात, नेस नावाच्या रस्त्यावर, डिर्क व्हान ऑस या व्यापाऱ्याच्या घरी एक वही मांडून ठेवली होती. नव्याने सनद मिळालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीत ज्याला पैसे घालायचे असतील त्यानं यावं, नाव आणि रक्कम सांगावी आणि लेखनिकानं ती वहीत उतरवून घ्यावी, अशी व्यवस्था होती. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, अशी कुठलीच अट नव्हती. पुढे १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली ते वलंदेज याच कंपनीचे.

महिनाअखेरीस वही बंद झाली तेव्हा एकट्या ॲमस्टरडॅममध्ये १,१४३ नावं जमली होती. सहा शहरांचं मिळून भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर झालं. ॲमस्टरडॅमच्या वहीत सर्वांत मोठी रक्कम इसाक ल मेर या व्यापाऱ्याची होती, ८५ हजार गिल्डर. त्याच वहीत नेल्टजेन कॉर्नेलिस हेही नाव आहे. ही डिर्क व्हान ऑसच्या घरातली मोलकरीण. तिनं शंभर गिल्डर लावले. ते पैसे साठवायला तिला किती काळ पोटाला चिमटा घ्यावा लागला असेल, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

८५ हजारांचा धनी आणि शंभराची धनीण, दोघांचा भाग एकाच जातीचा होता. नफा झाला तर ज्याच्या त्याच्या रकमेच्या प्रमाणात आणि बुडालं तर तेही त्याच प्रमाणात. भागभांडवल ही कल्पना मला मोठी वाटते ती याचसाठी. मालकाच्या पंगतीला मोलकरीण बसू शकते, आणि तेही कोणाच्या मेहेरबानीनं नव्हे.

आधीच्या सात वर्षांत डच व्यापारी पूर्वेकडे जहाजं पाठवत होतेच, पण एकेका सफरीपुरती भागीदारी करून. जहाज परत आलं, मिरी विकली, पैसे वाटून घेतले की भागीदारी संपली. नव्या कंपनीचं भांडवल मात्र लांब मुदतीसाठी अडकून राहणार होतं. सगळी रक्कम एकदम भरायचीही नव्हती, गरज पडेल तसे हप्ते मागितले जाणार होते. कबूल केलेलं भांडवल वेगळं, मागितलेलं वेगळं आणि प्रत्यक्ष भरलेलं वेगळं, हा भेद आजच्या ताळेबंदातही दिसतो. मधेच पैशांची नड लागली तर कंपनीकडे परत मागता येत नव्हते, पण आपला भाग दुसऱ्याला विकता येत होता. कंपनीच्या वहीत तो खरेदीदाराच्या नावावर चढवून घ्यायचा. आणि सनदेत एक वचन होतं : दहा वर्षांनी, म्हणजे १६१२ साली, कंपनी सगळा हिशेब मांडेल आणि ज्याला बाहेर पडायचं असेल त्याला पैसे घेऊन बाहेर पडता येईल.

लोकांनी पैसे टाकले ते या वचनावर विसंबून.

कारभार कोणाच्या हाती होता, हेही पाहायला हवं. सर्वांत वर सतरा जणांचं मंडळ होतं. त्यात आठ ॲमस्टरडॅमचे, चार झीलंडचे, उरलेल्या चार शहरांचा एकेक आणि सतरावा आळीपाळीनं. संचालकपद बहुधा आजन्म असायचं. जागा रिकामी झाली तर उरलेले संचालक नावं सुचवत आणि सत्ताधारी त्यातून एकाची निवड करत. भागधारकांना मत नव्हतं. संचालकांचा मोबदला मात्र ठरलेला होता : जहाजं सज्ज करायला लागेल त्या खर्चावर शेकडा एक आणि परत आलेल्या मालावर शेकडा एक. म्हणजे खर्च वाढला तरी त्यांची मिळकत वाढणार. भागधारकाच्या हाती काही पडो न पडो, जहाजांचा ताफा बंदरातून सुटला की संचालकांचा वाटा पक्का. हे लोक मुळात वाईट होते असं मानायचं कारण नाही. पण ज्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा आहे त्याला खर्च करण्याबद्दलच मोबदला मिळू लागला, तर भला माणूसही हळूहळू त्याच उताराला लागतो. म्हणून मोबदला कशावर ठरवला आहे, हे कोणत्याही कंपनीत सगळ्यांच्या आधी वाचावं.

ल मेर स्वतःही सुरुवातीला संचालकांपैकीच होता. आपल्या देखरेखीखालच्या एका ताफ्याच्या खर्चाचा हिशेब त्यानं नीट दिला नाही, असा आरोप त्याच्यावर झाला. १६०५ मध्ये तो बाहेर पडला आणि कंपनीशी स्पर्धा करणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेण्यात आलं. भाग मात्र त्याच्याकडेच राहिले.

२४ जानेवारी १६०९ या तारखेचा त्याचा एक अर्ज आहे. तो योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट याला लिहिलेला आहे. कंपनी उभी करण्यात ज्याचा सिंहाचा वाटा, तोच हा हॉलंडचा मुत्सद्दी. अर्जात ल मेरनं कारभाराचे वाभाडे काढले. व्यापारासाठी घेतलेलं भांडवल युद्धाकडे वळवलं जातं, भागधारकांना काही कळू दिलं जात नाही, त्यांचे पैसे मर्जीविरुद्ध अडकवून ठेवले जातात, असा त्याचा रोख होता. कंपनीच्या इतिहासात भागधारकानं कारभाराविरुद्ध केलेली ही पहिली लेखी तक्रार मानतात.

तक्रार खरी होती. तक्रारदार मात्र धुतल्या तांदळासारखा नव्हता. त्याच सुमारास तो फ्रान्सच्या राजाशी प्रतिस्पर्धी कंपनी काढण्याची बोलणी करत होता. त्याच वर्षी त्यानं काही भागीदार जमवले आणि मंदीचा सौदा मांडला : हातात नसलेले भाग पुढच्या तारखेच्या वायद्यानं विकायचे, भाव पडला की स्वस्तात घेऊन द्यायचे. भाव पडावा म्हणून या टोळीनं कंपनीबद्दल वाईट बातम्या पसरवल्या, असा तिच्यावर आळ आला.

संचालकांना तर हेच हवं होतं. त्यांनी सरकारकडे धाव घेतली आणि सांगितलं की या सट्टेबाजांमुळे विधवा आणि अनाथ नागवले जात आहेत. नेल्टजेनसारख्यांचं नाव कारभाऱ्यांच्या तोंडी पहिल्यांदा आलं ते असं, ढाल म्हणून. भाव पडतोय तो कंपनीचाच कारभार बरा नाही म्हणून, असं दुसऱ्या बाजूच्या व्यापाऱ्यांनी मांडून पाहिलं. १६१० च्या फेब्रुवारीत मालकीचे नसलेले भाग विकण्यावर बंदी आली. त्याच वर्षी कंपनीनं पहिला लाभांश वाटला, तोही बहुतांशी जायपत्री आणि मिरीच्या रूपात. ल मेरचा सौदा बुडाला आणि तो ॲमस्टरडॅम सोडून एग्मंडला राहायला गेला.

आणि १६१२ उजाडलं. हिशेबाचं साल. सरकारनं कंपनीला हिशेब मांडण्यातून मोकळीक दिली. पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर बाजारात भाग विका, असंच त्यामागचं उत्तर होतं. भांडवल कायमचं झालं. मोठे उद्योग उभे राहायला असं भांडवल लागतं हे खरं आहे, आणि आजची प्रत्येक कंपनी त्याच पायावर उभी आहे. पण पैसे कायमचे घ्यायचे तर त्या बदल्यात हिशेबही कायम द्यायला हवा. इथे पहिली गोष्ट घेतली गेली आणि दुसरी राहून गेली.

ॲमस्टरडॅमच्या हजारावर भागधारकांनी तेव्हाच एकमुखानं हिशेब का मागितला नाही? मला यात ल मेरच्या बदलौकिकाचा मोठा वाटा दिसतो. हिशेबाची मागणी आणि ल मेरचा स्वार्थ लोकांच्या मनात एक होऊन बसले. आपल्याकडे पतसंस्थेच्या किंवा साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत जो गेला असेल त्याला हे दृश्य परकं नाही. कोणी ताळेबंदातल्या एखाद्या रकमेवर बोट ठेवतो, तोच मागून आवाज येतो : हा निवडणुकीत पडला म्हणून विचारतोय. आणि ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय पुढे जातो. तो पडलेला असेलही. पण रकमेचं काय झालं, हे कोणी सांगितलेलं नसतं. सुखात असलेला माणूस वह्या चाळायला येत नाही. दुखावलेला, डावललेला, कधी कधी सूड घ्यायला निघालेलाच येतो. त्याचं चारित्र्य तपासून मग उत्तर द्यायचं ठरवलं, तर जगात कुठल्याच संचालकाला कधी उत्तर द्यावं लागणार नाही.

पुढची दहा वर्षं वह्या बंदच राहिल्या. त्या काळात, १६२१ साली, कंपनीच्या गव्हर्नर-जनरल कूननं जायफळासाठी बांदा बेटं जिंकली. तिथली बहुतेक वस्ती मारली गेली, उपासमारीनं मेली किंवा परागंदा झाली. ज्यांच्या पैशांतून ती जहाजं निघाली त्यांना त्याआधी कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आपल्या भांडवलावर काय चाललं आहे हे कळण्याचा हक्क नसेल, तर नको म्हणण्याची वेळच येत नाही.

१६२२ मध्ये सनदेची मुदत संपत आली आणि असंतोष बाहेर पडला. आता बोलणारा एकटा नव्हता. नाराज भागधारकांनी पत्रकं छापली आणि हिशेब लपवल्याचे, स्वतःच्याच कंपनीशी व्यवहार करून संचालक गब्बर झाल्याचे आरोप उघडपणे केले. सनद वाढवून देताना सरकारला काही गोष्टी मान्य कराव्या लागल्या. संचालकपद आजन्म न राहता तीन वर्षांचं झालं. मोठ्या भागधारकांना हिशेब तपासण्यात वाटा मिळाला आणि त्यांच्यातून नऊ जणांची समिती आली. शंभर गिल्डरवाल्यांच्या पदरात काही पडलं नाही, आणि हा त्या सुधारणेतला ठळक अन्याय होता.

आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ नुसार सभेच्या किमान २१ दिवस आधी ताळेबंद भागधारकाकडे पोचावा लागतो, मग त्याच्याकडे एकच भाग का असेना. मताधिकार असलेल्या भरणा भांडवलाचा दहावा हिस्सा ज्यांच्याकडे आहे, ते मिळून विशेष सभा बोलवायची मागणी करू शकतात. मागणीपत्रात विषय लिहायचे असतात. मागणारा नाराज आहे का, प्रतिस्पर्धी आहे का, पूर्वी संचालक होता का, हे कायदा विचारत नाही. संचालक मंडळानं २१ दिवसांत सभा बोलवण्याची पावलं उचलून ४५ दिवसांच्या आत ती घेतली नाही, तर मागणी करणारे स्वतः सभा भरवू शकतात. तिचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा आणि कसूर करणाऱ्या संचालकांच्या मोबदल्यातून तो वळता करून घ्यायचा.