स्वस्ताईचे दिवस

दिवाळीची आवराआवर करताना माहेरून आणलेली पेटी उघडली, तर तळाशी सत्तरीतले चार-पाच दिवाळी अंक निघाले. झालं, आवरणं राहिलं बाजूला. धाकट्या जाऊबाई, सूनबाई आणि मी गच्चीवर उन्हात बसून जाहिराती वाचत सुटलो. गोष्टी-कविता कोण वाचतंय! साबण, केसांचं तेल, शिलाई मशीन, रेडिओ. त्या हसऱ्या, अंबाडा घातलेल्या बायका. "काय स्वस्ताई होती ना हो ताई!" जाऊबाई दर पानाला म्हणत होत्या, आणि मीही माना डोलवत होते.

त्याच पेटीत बाबांच्या दुकानाचा १९७८ सालचा रोजमेळही होता. कारंजाला आमचं किराण्याचं दुकान. सूनबाईने तो सहज उघडला. गोडेतेल नऊ रुपये किलो. ती म्हणाली, "बघा, नऊ रुपये!" पण त्याच पानावर शेतात निंदायला गेलेल्या बाईची मजुरी होती, दिवसाचे दोन रुपये. म्हणजे किलोभर तेलाला साडेचार दिवसांचं निंदण. मला आठवलं, त्या बाया संध्याकाळी बाटली घेऊन यायच्या आणि दहा-वीस पैशांचं तेल मागायच्या. अख्खा किलो त्यांच्यापैकी कुणी नेलेला मला आठवत नाही. ती स्वस्ताई आमची होती, त्यांची नव्हे. एवढा साधा हिशेब करायला मला इतकी वर्षं लागली, याची खरं तर लाज वाटली.

पुढचं पान एव्हरेडी बॅटरीचं निघालं. नऊच्या आकड्यातून उडी मारणारं ते मांजर! बाबांच्या दुकानावरही हीच पत्र्याची पाटी होती. "आमची पाटी!" मी ओरडलेच. स्वयंपाकाला येणाऱ्या ताई शेजारी मेथी निवडत होत्या. त्या जयप्रकाश नगरच्या. त्यांनी वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "ये वही कंपनी थी ना?"

हो, तीच. भोपाळमध्ये हे सांगावं लागत नाही. तेव्हा हा सेल युनियन कार्बाइड विकायची. याच कंपनीने १९६२ मध्ये अमेरिकन मासिकांत एक जाहिरात दिली होती: खाली नांगर धरलेला भारतीय शेतकरी, वर आभाळातून एक भला मोठा हात लाल द्रव ओततो आहे, आणि मजकूर असा की विज्ञान नवा भारत घडवतं आहे. पुढे भोपाळच्या कारखान्यात सेविन नावाचं कीटकनाशक तयार होऊ लागलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हजारो माणसं गेली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि बहुतेक जखमींच्या हाती सुरुवातीला आले पंचवीस हजार रुपये. ताईंना ते मिळाले होते. "हमारा भी भाव लगा था," त्या मेथीकडे बघत म्हणाल्या. जाऊबाईंनी अंक मिटला.

मी मात्र बाबांच्या दुकानात अडकले. आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवण, कारण दिव्यावर येऊन जीव मरतात. तांदळात अळी निघाली तर आई ती कागदावर घेऊन परसात सोडायची. आणि दुकानात, एव्हरेडीच्या पाटीखाली, कपाशीवर फवारायच्या पावडरीचे डबे रचलेले असायचे. ते याच कंपनीचे होते असं मी म्हणत नाही, आणि प्रश्न कंपनीचा नाहीच. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे बाबांना तोंडपाठ होतं. पर्युषणात ते सगळ्यांची क्षमा मागायचे, अगदी डोळ्यांत पाणी आणून. ते ढोंगी नव्हते. वराडातला कापसाचा मुलूख, शेतकऱ्याला डबा हवा असायचा, आणि नाही म्हटलं तर तो पलीकडच्या दुकानात जायचा.

मागे वळून बघायची आपल्याकडे एक रीत आहे, प्रतिक्रमण. त्यात आपलं काय चुकलं ते आठवायचं असतं. आम्ही गच्चीवर करत होतो ते याच्या नेमकं उलटं. उमास्वातींनी परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, मूर्च्छा, असं म्हटलंय. मग जुन्या भावांचा हा जो गोडवा आपण जपतो, तोही परिग्रहच का? बायांनो, मला तसं वाटायला लागलंय. वस्तू टाकता येते, पण आठवणीतली दोन रुपये मजुरीची बाई गाळून टाकलेली असते, हे कळतच नाही. तरी खरं सांगते, त्या मांजराकडे बघून झालेला आनंद खोटा नव्हता. दुकानातला गुळाचा वास सुद्धा आला होता मला.

रात्री आईला फोन केला. तिला चौऱ्याऐंशीवं लागलंय, पण कान तीक्ष्ण आहेत. डब्यांचं विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाबांनी एक वर्ष ठेवले नव्हते ते डबे. तुझ्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं त्याच्या पुढच्या वर्षी. मग ठेवले." आणि थोड्या वेळाने, "तू काय केलं असतंस गं?"